केरूचं नाव काढताना

केरू, तुझं बाकडं आलं. पाटणहून टेम्पोत घालून आणलं आणि फाट्यावर, शाळेच्या कुंपणाला लागून, एसटी थांबते तिथं ठेवलं. सिमेंटचं आहे, दणकट आहे. पाठ टेकायला जागा आहे आणि तिथंच नाव टाकण्यासाठी हातभर गुळगुळीत पट्टी सोडलेली आहे. फाट्यावरची बाकीची बाकडी तुला आठवत असतील. 'कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ' आणि खाली मुला-नातवंडांची नावं. लोक त्या नावांना टेकून शेंगा खातात, उशिरा येणाऱ्या गाडीला शिव्या देतात, कुणाचं लग्न कुठं जुळतंय याची चौकशी करतात. मला ही आपल्याकडची पद्धत आवडते. गेलेल्या माणसानं दमलेल्याला बसायला जागा दिली, तर गेल्यावरही तो कामाला आला म्हणायचं.

म्हणून तुझे दिवस घातले त्याच दिवशी मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की केरूचं बाकडं होणार. मी सांगितलं म्हणजे ते होणारच, हे तुला वेगळं सांगायला नको. जन्मभर पहिलीचा वर्ग सांभाळलेल्या बाईला गाव सहसा नाही म्हणत नाही, कारण निम्म्या गावाचे कान मी धरलेले आहेत. अडचण आली ती नावाशी. तुझ्या सुनंदानं हळूच विचारलं, "वन्सं, नाव किरणच टाकायचं ना?"

आणि मी म्हटलं, उद्या सांगते. मी!

दोन नावांचा माणूस होतास तू. सांगलीत किरण, कॉलेजात किरण सर, सुनंदाच्या माहेरी किरणराव. आणि इकडं गावाकडं केरू. किरण हे नाव तू स्वतः घेतलंस, कराडच्या वसतिगृहात पहिलं वर्ष काढून आल्यावर, रीतसर अर्ज करून, सरकारी गॅझेटात छापून. मला ते कळलं तेव्हा मी हसले होते आणि तू भरल्या ताटावरून उठला होतास. त्यानंतरही मी तुला केरूच म्हणत राहिले आणि तू ओ देत राहिलास, पण दर वेळी कपाळाला एक आठी घालून. सुनंदासमोर म्हटलं की दोन. आता समोर ती आठी नाही, तर नाव घेताना मला चुकल्याचुकल्यासारखं होतं.

आता सांग, या पट्टीवर मी कोणाचं नाव टाकू? तू घेतलेलं की तू टाकून दिलेलं? किरण टाकलं तर उद्या फाट्यावर बसलेला माणूस विचारेल, हा किरण कोण बाबा? केरू टाकलं तर तुला आवडणार नाही. तू असतास तर आपण कडकडून भांडलो असतो आणि काहीतरी निघालं असतं. आता तू बोलणार नाहीस, म्हणजे मी एकटीच जिंकणार. असल्या जिंकण्यात मला गोडी नाही.

आणि आपलं भांडण तरी काय साधं होतं? भाऊबहिणी जमिनीवरून भांडतात, आईच्या पाटल्यांवरून भांडतात. आपण भांडलो ते मेक्सिकोतल्या लोकांवरून, हे मी कुणाला सांगितलं तर हसतील.

सांगलीत पाणी शिरलं होतं तेव्हाची गोष्ट. कृष्णा ओसरल्याबरोबर मी खराटे, फिनेल आणि भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन आले. तुमच्या तळमजल्यात घोट्याएवढा गाळ. सुनंदा भांडी घासत होती, शेजारचे गाद्या ओढत होते, आणि तू कुठं आहेस म्हणून विचारलं तर गच्चीवर. तिथं तू दोरी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी कागद अडकवत होतास. एका बाजूला सुनंदाच्या साड्या, दुसऱ्या बाजूला तुझे पुरात भिजलेले छापील कागद. मी खराटा हातात घेऊनच वर आले होते, तुला झाडायला.

"आरं, घरात चिखूल पडलाय आन् तू चित्रं वाळवत बसलायस?"

"आक्का, ही चित्रं न्हाईत. ही नावं हायत," तू म्हणालास. रागावलास किंवा फार आनंदात असलास की तुझी सांगली गळून पडायची आणि आपली बोली बाहेर यायची. त्या दिवशी आनंद होता. घर बुडालेलं आणि चेहरा फुललेला, असा माणूस मी दुसरा बघितला नाही.

तू मला दोरीखालून एकेका कागदापाशी नेलंस. माणसांची नुसती डोकी, ओळीनं मांडलेली. प्रत्येक डोक्याच्या वर किंवा मागं काहीतरी काढलेलं, फूल, गरुड, झेंडा, मडकं, कुठं नुसते दात. काही ठिकाणी डोक्यापासून निघून त्या चित्राला मिळणारी बारीक रेघ. मेक्सिकोत नाहुआतल भाषा बोलणाऱ्या लोकांनी चार-पाचशे वर्षांपूर्वी आपल्या गावातल्या घरांची आणि जमिनींची अशी नोंद ठेवली होती. "त्यांचा सातबारा समज," तू म्हणालास. डोकं म्हणजे खातेदार आणि वरचं चित्र म्हणजे त्याचं नाव. ती भाषा बोलणारी माणसं आजही आहेत, हे तू तेव्हाच बजावून ठेवलंस. मेलेल्या भाषेचा नाद लागलाय असं कुणी म्हटलेलं तुला अजिबात खपायचं नाही.

मी एका डोक्यावर बोट ठेवलं. वर एक काळं पातं, एक मडकं आणि पाणी. मी म्हटलं, हा कुंभार दिसतोय. तू टाळी वाजवलीस. म्हणालास, इथंच सगळे फसतात. या माणसाचं नाव इत्स्कोआत्ल. इत्स म्हणजे ज्वालामुखीतून निघणारा काचेसारखा काळा दगड, त्याची पाती करायचे. कोआत्ल म्हणजे साप. मग सरळ काढायचं तर पातं आणि साप काढावा, तसं काढलेलंही सापडतं. पण या कागदाच्या लेखकानं साप काढलाच नाही. त्यांच्याकडे मडक्याला कोमित्ल म्हणतात, त्यातला 'को' त्यानं घेतला. पाण्याला आत्ल म्हणतात, त्यातला 'आ' घेतला. पातं, मडकं, पाणी, म्हणजे इत्स-को-आ, शेवटचा त्ल वाचणाऱ्यानं समजून घ्यायचा. माणसाचा मडक्याशी काही संबंध नाही आणि पाण्याशीही नाही. ही चित्रं बघायची नसतात, ऐकायची असतात.

"म्हंजे आमचं क कमळाचंच की रं."

केवढा चिडलास! "तुझ्या तक्त्यावर क असतोय, आक्का. कमळ नुसतं पोरांना भुलवायला. हितं क न्हाईच. कमळच क हाय."

मी खराटा खाली ठेवला. ते वाक्य मला फार आवडलं, हे मी तेव्हा बोलले नाही. आपल्याकडे धाकट्या भावाचं तोंडावर कौतुक करायची रीत नाही, आणि तुला तर आधीच शिंगं फुटली होती. आता सांगते. मी निवृत्त होईपर्यंत वर्गातल्या त्या कमळाकडे कधी सरळ नजरेनं बघू शकले नाही. पोरं क म्हणायची आणि मला वाटायचं, हे फूल ऐकतंय.

त्यानंतर दर रविवारी फोन. तू मोबाइलवर एखादं डोकं पाठवायचास आणि मी ते वाचायचं. मी भिंगातून बघायचे, तू करून दिलेल्या, कपाटाच्या दारावर चिकटवलेल्या त्या चित्रांच्या तक्त्याशी ताडून बघायचे आणि बहुतेक वेळा चुकायचे. झेंडा दिसला की 'पान', दगड दिसला की 'ते', घेवड्याचा दाणा दिसला की नुसता 'ए'. निवृत्त झालेल्या बायका भजनी मंडळात जातात, मी नाहुआतल गावातल्या शेतकऱ्यांच्या दारावरून फिरायला लागले. गुडघे दुखत असताना एवढा लांबचा प्रवास तूच मला घडवलास. एकदा तू सांगितलंस की त्यांच्यात पुष्कळ बायकांना नुसती थोरली, मधली, धाकटी अशीच नावं असायची. थोरलीला तेयाकापान म्हणायचे. मी म्हटलं, बाईला नाव द्यायचा सुद्धा कंटाळा, हे तिथंही आहे म्हणायचं. तर तू म्हणालास, "मग मी तुला काय म्हणतो? आक्का म्हंजे तरी काय?" मग पुढं किती दिवस फोन उचलला की "हॅलो तेयाकापान". आता रविवारी फोन वाजत नाही. वाजलाच तर कुणीतरी कर्ज हवंय का विचारत असतं आणि मी त्या पोरीवर नाहक ओरडते.

तुला ते मडकं आणि पाणी का इतकं आवडायचं, हे मला हळूहळू उमगलं. त्यात नावाचा अर्थ पुसून टाकता येतो. वसतिगृहात खोली झाडली की पोरं केराची सुपली आणून तुझ्या कॉटवर ठेवायची, 'केरू, पाव्हणं आलं तुझं' म्हणायची, हे तू मला एकदाच सांगितलंस आणि लगेच विषय बदललास. अशा पोराला कुणीतरी सांगितलं की नावातला साप बाजूला ठेवून नुसता त्याचा आवाज लिहिता येतो, तर तो त्या लिपीच्या प्रेमात पडणारच. मी तुला दोष देत नाही. पण मला ते पटलंही नाही.

"नाव म्हंजे आवाज," तू म्हणायचास. "हाक मारली की मी वळतो. केर वळत न्हाई."

"आन् पयली हाक कुणी मारली? का मारली? त्याला काय अर्थ न्हाई व्हय?"

"पुरे, आक्का."

'पुरे आक्का' हा तुझा ठरलेला शेवट. तिथून पुढं तू कधी जाऊ दिलं नाहीस.

एक डाव मात्र मी मारला होता, तो कबूल कर. पुढं स्पेनचे पाद्री आले, त्यांनी त्या लोकांना बाप्तिस्मा दिला आणि पेद्रो, हुआन अशी नावं दिली, हे तूच सांगितलंस. मग एका रविवारी मी विचारलं, तुझ्या त्या कागदांवर डोक्याच्या वर कुठलं नाव असतं रे, पाद्र्याचं की घरचं? तू जरा घुटमळलास. म्हणालास, बहुतेक घरचं. पाद्र्याचं नाव असलंच तर शेजारी अक्षरात लिहिलेलं असतं. "मग झालं तर," मी म्हटलं आणि फोन ठेवून दिला. तू परत लावलास तेव्हा मी उचलला नाही. मला माझा विजय चहाबरोबर घ्यायचा होता.

शेवटचा आलास तो या उन्हाळ्यात. स्वयंपाकघरात माझ्यासमोर मांडी घालून बसलास, बरणीतला खडू घेतलास आणि फरशीवर काढायला लागलास. तेवढ्यात जमिनीला एक धक्का बसला, फळीवरचे डबे खडखडले. आपण दोघंही उठलो नाही, कोयनेच्या काठाला जन्मलेली माणसं एवढ्याला उठत नाहीत. तू डब्यांकडे बघितलंस, आवाज थांबल्यावर चित्र पुरं केलंस. एक केळं आणि एक घडी घातलेला रुमाल.

"ह्ये बघ. के आन् रू. असं माझं नाव काढलंस तर माझी काय हरकत न्हाई. लाव पायजे तर दारावर."

"माझा भाऊ काय फळवाल्याचं गिऱ्हाईक हाय?" मी म्हटलं. "केरू काढायचं तर केर काढीन मी. नावातला माणूस दिसाय नको?"

तू हसलास. आठी न घालता हसलास, हे मला आत्ता लिहिताना लक्षात येतंय. मग म्हणालास की तिथले लिहिणारे कधी कधी दोन्ही करतात. अर्थाचं चित्र काढतात आणि वाचणाऱ्याला शंका नको म्हणून शेजारी आवाजाचं एक छोटं चित्र चिकटवतात. "तसं करायचं म्हटलं तर केराच्या ढिगाशेजारी एक केळं येईल. पण ढीग नको, आक्का. तेवढं नको." मी काहीतरी बोलणार होते, पण गाडी यायची वेळ झाली आणि तू पिशवी उचललीस. फरशीवरचं केळं मी दुसऱ्या दिवशी पुसलं. घर झाडायचं असतं, त्याला काय करणार?

तेव्हा सुनंदाला मी म्हटलं, नाव मी बघते, तू काळजी करू नकोस. ती म्हणाली, "तुम्हीच ठरवा वन्सं, पण त्यांना काय नको होतं ते तुम्हाला माहीत आहे." माहीत होतं. तरीही मी कागदावर केराचा ढीग काढला, त्यात एक खराटा रोवला आणि शेजारी छोटं केळं काढलं. तूच सांगितलेल्या रीतीनं. मला वाटलं, निम्मं तुझं, निम्मं माझं, न्याय झाला. कागद पाटणच्या दत्ता पेंटरला दिला, हे असंच्या असं पट्टीवर काढ म्हटलं आणि पेन्शनच्या कामाला साताऱ्याला गेले.

परत आले, फाट्यावर उतरले आणि बघतच राहिले. ढीग झकास झाला होता. केळं अर्धं सोललेलं, वर चकाकी. आणि खाली लाल रंगात, लांबून दिसेल असं, 'येथे कचरा टाकू नये. आपला गाव, स्वच्छ गाव.' बाकड्यावर एक म्हातारा बसला होता आणि शेंगांची टरफलं निमूटपणे खिशात भरत होता.

दत्ता शेजारच्या टपरीवरच होता. धावत आला. "आवं बाई, मला वाटलं ग्रामपंचायतीचं काम हाय. केर हाय, केळं हाय, खराटा हाय. दुसरं काय समजायचं मान्सानं? ओळ म्या माझ्या पदरची टाकली."

मला हसू आलं रे. तू गेल्यापासून पहिल्यांदा. आणि हसता हसता तुझा आवाज इतका स्पष्ट आला की मी मागं वळून बघितलं. 'बघ आक्का, अर्थ काढला की असं हुतंय.' बरोबर आहे. तिथं मडकं आणि पाणी काढणारा तो लेखक शहाणा होता. हा एक गुण तुला, लिहून घे.

पण माझ्या मागच्या गाडीनं सुनंदा आली होती. बाकडं बघायला, न कळवता. ती माझ्यामागं उभी होती आणि हसत नव्हती. 'येथे कचरा टाकू नये' या ओळीवर तिची नजर होती. नवऱ्याच्या बाकड्यावर. ती एवढंच म्हणाली, "हेच नको होतं त्यांना," आणि तोंडाला पदर लावला.

मी तिला हाताला धरून बसवलं. म्हाताऱ्याला दुसऱ्या बाकड्यावर जायला सांगितलं. आणि केरू, जे तू मला कधी पुरं सांगू दिलं नाहीस, ते मी तिला सांगितलं. 'तुला उकिरड्यावर ठिवलं हुतं' एवढं म्हटलं की तू 'पुरे आक्का' म्हणून उठायचास. आईनं सांगायला घेतलं तरी तेच. आता उठता येणार नाही तुला. ऐक.

माझ्या पाठची दोन गेली होती, दोन्ही पाचवी पुजायच्या आत. तू झालास तेव्हा आईनं आनंद केला नाही. भ्यायली होती ती. अशा घरात तेव्हा जे करायचे ते ठरलं. घर-अंगण झाडून सगळा केर घरामागच्या परड्यात एका जागी गोळा करायचा, बाळ सुपात घालून त्या केरावर ठेवायचं आणि आईनं पाठ फिरवून म्हणायचं, मला नको हे. मग दुसऱ्या घरच्या बाईनं येऊन उचलायचं, मला केरात सापडलं म्हणायचं आणि आईनं तिच्याकडून ते मागून घ्यायचं. टाकलेल्या पोराच्या वाटेला मरण जात नाही, अशी समजूत. शेजारच्या हौसाकाकू उचलणार होत्या. पण नेमकी त्यांची म्हैस सुटली आणि त्या तिच्यामागं ओढ्याला धावल्या.

आईनं तुला ठेवलं, 'नको' म्हटलं आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मागं वळायचं नव्हतं. तू रडायला लागलास. कोंबड्या केर उकरत उकरत सुपाजवळ यायला लागल्या. हौसाकाकूंचा पत्ता नाही. आईनं भिंत दोन्ही हातांनी धरली, पण ती वळली नाही. वळली तर तू जाशील, अशी तिची खात्री होती. मी दारात उभी होते. मला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. मी पळत गेले, कोंबड्या हाकलल्या आणि तुला उचललं. तू माझ्या हातात मावत नव्हतास. हौसाकाकू धापा टाकत आल्या तेव्हा मी केराशेजारी फतकल मारून बसले होते आणि तू गप्प झाला होतास.

"आता हीच मालकीण," काकू आईला म्हणाल्या. "घ्यायचं तर हिच्याकडनं घे."

आईनं मला गुळाचा खडा दिला आणि तुला घेतलं. मी गूळ खाल्ला, पण तो व्यवहार मी मनातून आजवर मानलेला नाही.

केरात सापडला म्हणून केरू. आता तरी समजलं का? ते कचऱ्याचं नाव नव्हतं. तू जिथं सापडलास त्या जागेचं नाव होतं. वसतिगृहातल्या पोरांना अर्धंच ठाऊक होतं, ते मी समजू शकते. पण तूही अर्ध्यावरच उठत राहिलास आणि जन्मभर स्वतःला केरातच ठेवलंस, याचा मला राग येतो केरू, अजून येतो. मला तू हवा होतास, आईच्याही आधी मला हवा होतास, हे शेवटचं वाक्य होतं आणि तेवढंच सांगायचं राहिलं.

सुनंदानं सगळं ऐकून घेतलं. डोळे पुसले. मग पट्टीवरच्या त्या झकास ढिगाकडे बघत म्हणाली, "मग वन्सं, तुम्ही तरी अर्धंच का काढलंत?"

मी इतकी वर्षं पहिलीच्या पोरांना शिकवलं, पण असा नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. तुझी बायको हुशार आहे. तुझ्यापेक्षा जास्त, हे मी तुम्हाला लग्नातच सांगितलं होतं.

दत्तानं पट्टी खरवडली, पांढरा हात दिला आणि वाळल्यावर दुसऱ्यांदा काढायला बसला. आम्ही दोघी दोन्ही बाजूंना उभ्या. खाली अक्षरात 'किरण' येणार, ते सुनंदानं ठरवलं, आणि मी एका शब्दानं अडवलं नाही. ते नाव तिनं हाक मारून मारून खरं केलेलं आहे. तुझ्या त्या कागदांवरही शेजारी अक्षरं असतातच. वर चित्रात केराचा ढीग, खराटा काढून टाकला. ढिगावर एक सूप. शेजारी केळं, न सोललेलं, आवाजासाठी. आणि वरून सुपाकडे येणारे दोन हात. लहान काढ, मी दत्ताला दोनदा सांगितलं, पोरीचे आहेत.

त्याला आता गोडी लागली होती. मी त्याला के कसा वाचायचा ते समजावलं होतं. त्यानं हात रंगवले, मान तिरकी करून बघितलं आणि विचारलं, "बाई, केळ्याचा के झाला. मग ह्या हातांचं काय वाचायचं?"

तू असतास तर लगेच सांगितलं असतंस. तुझ्या लोकांच्या लिपीत हात म्हणजे 'मा', आणि नावात काढलेली प्रत्येक गोष्ट वाचायची असते, उगाच काही काढायचं नसतं. मला ठाऊक आहे. तक्ता अजून माझ्या कपाटावर आहे.

"काय न्हाई," मी त्याला म्हटलं. "ते वाचायचं न्हाईत."

तुझ्या नियमात हे बसत नाही. न बसू दे. मी तुला उचललं तेव्हा तुला कुठलंच नाव नव्हतं.